म्हशीच्या गव्हाणीतलं तांबं आणि कोकराचं यकृत

वडगावच्या बाजारातून दोन-चार कोकरं आणायची आणि घरच्या म्हशी, शेळ्या, कोंबड्यांत सोडायची, हे कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला नवीन नाही. "मोठ्या जनावरांनी ढुशा मारू नयेत एवढं बघा," असा सल्ला त्याला हमखास मिळतो. तो बरोबरच आहे. आधी तीन-चार आठवडे कोकरं वेगळी ठेवावीत, लसी टोचून घ्याव्यात, मग काही दिवस जाळीपलीकडून ओळख होऊ द्यावी. पण ढुशीइतकाच मोठा धोका गव्हाणीत असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे तांबं.

तांबं प्रत्येक जनावराला थोडं लागतंच. गाभण मेंढीला ते कमी पडलं तर पिल्लू मागच्या पायांनी लुळं जन्मू शकतं. दुभत्या जनावरांच्या कांडी पेंडीत, खनिज मिश्रणात, चाटण विटेत ते मुद्दाम घातलेलं असतं. पण एक किलो कोरड्या खाद्यात गाईगुरांना साधारण 40 मिलिग्रॅमपर्यंत तांबं सोसतं, मेंढीला 15 पर्यंतच. शेळीही मेंढीपेक्षा जास्त सोसते.

फरक आहे यकृतात. जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकायची सोय बहुतेक प्राण्यांत चांगली असते, मेंढीत ती फार तोकडी. मग तिचं यकृत हे तांबं मेटॅलोथायोनीन नावाच्या प्रथिनाला बांधून पेशींमध्ये साठवत राहतं. फक्त आत जायचं दार असलेलं गोदामच म्हणा. आठवडे, महिने साठा वाढतो. कोकरू खातं, बागडतं, रक्तातलं तांबंही नेहमीइतकंच दिसतं. मग एखादा ताण येतो: टेम्पोतला प्रवास, उपासमार, पावसात भिजणं, नव्या कळपातली धक्काबुक्की. यकृतपेशी फुटतात, साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फोडतं. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतं आणि बहुतेकदा दोन-तीन दिवसांत कोकरू जातं.

काल उड्या मारणारं कोकरू आज मेलं की दृष्ट लागली म्हणतात, उरलेल्यांच्या गळ्यात काळा दोरा येतो. त्या दोऱ्यामुळे खरं नुकसान होतं, कारण गव्हाण तशीच राहते आणि उरलेल्या कोकरांच्या यकृतात तांबं साठतच राहतं. लाल लघवी गोचीडतापातही होते. म्हणून पशुवैद्याला तातडीनं बोलवावं आणि कोकरू काय खात होतं ते नीट सांगावं.

कोकरू लहान असताना धोका जास्त का, हा मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. मोठ्या मेंढीच्या कोठीपोटातले, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातले, जीवाणू चाऱ्यातल्या गंधकापासून सल्फाइड बनवतात. ते चाऱ्यातल्याच मॉलिब्डेनम या धातूशी जुळून थायोमॉलिब्डेट तयार होतं, ते तांब्याला घट्ट पकडतं आणि पकडलेलं तांबं शेणावाटे निघून जातं. त्यामुळे खाल्लेल्या तांब्यापैकी 10 टक्क्यांहून कमीच अंगी लागतं. दूधपित्या कोकराचं कोठीपोट अजून चालूच झालेलं नसतं, म्हणून हा लगाम नसतो आणि 70 ते 85 टक्के तांबं शोषलं जातं. विषबाधेवर डॉक्टर मॉलिब्डेनमचेच क्षार वापरतात, ते याच रसायनामुळे.

तेव्हा म्हशीची गव्हाण कोकराचं तोंड पोचणार नाही इतकी उंच हवी. कोकरांचा भरडा वेगळ्या कुडात द्यावा, आणि त्याच्या फटीतून फक्त कोकरंच आत शिरतील असं बघावं. कोंबडीखाद्य आणि गुरांची चाटण वीट लांब ठेवावी. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, म्हणून खुरांसाठी त्याचं पाणी केलं असेल तर काम झाल्यावर लगेच ओतून टाकावं, तेही चरायच्या जागी नको. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलेल्या बागेतलं गवत कोकरांना घालू नये. पेंडीचं पोतं घेताना त्यावर "मेंढ्यांसाठी" असं लिहिलंय का ते वाचावं. नसेल तर दुकानदाराला तांब्याचं प्रमाण विचारावं, आणि त्याला सांगता आलं नाही तर ते पोतं म्हशीलाच घालावं.