घरी अहिराणी बोलल्याने मुलाचं मराठी बिघडत नाही

घरी अहिराणी बोललं की मुलाचं मराठी बिघडतं, हा समज खानदेशात फार जुना. त्यापायी आई-बाप मोडक्या प्रमाण मराठीत चार शब्द बोलून थांबतात, आणि मूल गप्पांना मुकतं. नुकसान होतं ते इथे. नव्या भाषेचा अर्थ मूल घरच्या भाषेच्या आधारानेच लावतं. २०२०च्या शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस केली आहे.

रोज १० मिनिटं द्या. मुलाने धड्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचावा, मग अहिराणीत सांगावा. सांगता आलं नाही, तर अक्षरं वाचली, अर्थ नाही. ‘पुस्तक तठे शे’ म्हणालं, तर ‘चूक’ म्हणू नका. ‘हो, पुस्तक तिथे आहे’ एवढंच बोला.

गणितही तसंच: घडाला ८ फण्या, फणीला १४ केळी, तर किती? आधी ८० आणि ३२ वेगळे काढू द्या, मग ११२.