योंगेरियसचं पुस्तक म्हणजे नक्की कुणाचं?

आपल्या मराठीत 'चं' लावलं की विषय संपतो. पुलंचं पुस्तक म्हणजे पुलंनी लिहिलेलं, त्यात शंका नाही. पण चित्रकाराचं, डिझायनरचं पुस्तक म्हटलं की त्याच्यावरचं का त्याने स्वतः केलेलं, ते कळतच नाही, आणि डच लोकांच्या बाबतीत तर हा घोळ जास्तच होतो कारण तिथे दोन्ही प्रकार ढिगाने निघतात आणि दिसायला दोन्ही भारीच असतात.

पहिला प्रकार मोनोग्राफ, म्हणजे कलाकारावरचं पुस्तक. डच डिझायनर हेला योंगेरियसचं 'मिसफिट' घ्या, २०१० मध्ये रॉटरडॅमच्या बॉयमन्स म्युझियममधल्या प्रदर्शनाच्या वेळी आलेलं. तिच्या फुलदाण्या, कापड, खुर्च्या, सगळ्यांचे फोटो आणि त्यावर लेख. फुलदाणी म्युझियममध्ये, आपल्या हातात तिचा फोटो, एवढं सरळ आहे.

दुसरा प्रकार आर्टिस्ट्स बुक. इथे पुस्तक हीच कलाकृती, बाहेर कुठे मूळ वस्तू शोधायला जायचं नाही. एरिक केसल्स या डच कलाकाराची सापडलेल्या जुन्या फोटोंची एक सिरीज आहे, त्यातलं सातवं पुस्तक माझं सगळ्यात लाडकं. टिलबर्ख गावची एक मुलगी १९३६ मध्ये, सोळाव्या वर्षी, जत्रेतल्या नेमबाजीच्या स्टॉलवर गेली, तिथे नेम बरोबर लागला की कॅमेरा आपोआप चालायचा आणि बक्षीस म्हणून स्वतःचाच फोटो मिळायचा, मग ती जवळजवळ दरवर्षी जातच राहिली, मध्ये युद्धाची वर्षं तेवढी कोरी. पानं उलटत जा, बंदूक तशीच आपल्यावर रोखलेली, बाई मात्र म्हातारी होत जाते. केसल्सने यातला एकही फोटो काढलेला नाही (तिच्याच गोळीने काढलेत!), त्याने निवडले आणि क्रमाने लावले, आणि ते लावणं हीच त्याची कला. सुटा एक फोटो बघून काहीच वाटणार नाही.

म्हणून 'महाग, सही केलेलं, मोजक्या प्रती' ही काही आर्टिस्ट्स बुकची खूण नाही. उलिसेस कारिऑन हा कलाकार मूळचा मेक्सिकोचा, त्याने १९७५ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये फक्त असल्याच पुस्तकांचं दुकान काढलं, तिथे साधी स्वस्त छपाईची पुस्तकंही असायची.

आता खरी गंमत इर्मा बोमची. ती बुक डिझायनर, वरचं 'मिसफिट'पण तिनेच डिझाइन केलंय. शीला हिक्स या अमेरिकन विणकाम-कलाकारावरचं २००६ चं पुस्तक बघा, पानांच्या कडा हिक्सच्या विणलेल्या कापडाच्या काठासारख्या खरबरीत केल्यात. हात लावला की वाटतं हे आर्टिस्ट्स बुकच. पण नाही हो, आत हिक्सच्या कामांचे फोटो आणि लेख, मोनोग्राफच तो, फक्त फार देखणा.

आणि हीच बोम पुस्तक डिझाइन करताना आधी त्याचं पिटुकलं मॉडेल बनवते. २०१० मध्ये तिच्या स्वतःच्या कामावर पुस्तक निघालं तेव्हा तिने तेच त्या मॉडेलएवढं, जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीचं केलं. तिच्यावरचं आहे, तिनेच केलेलं आहे, आणि तो आकार काढून घेतला तर अर्धी मजा गेली. याला मात्र खुशाल बोमचं पुस्तक म्हणा, 'चं'चा कुठलाही अर्थ घेतला तरी चालतो.