फुटबॉलपटू पंचावन्नच्या पुढे जगत नाहीत?

अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक खेळाडू पंचावन्नच्या आसपास दगावतात, हे वाक्य वर्षानुवर्षे फिरतं आहे. ते चुकीचं आहे. अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने 1959 ते 1988 दरम्यान किमान 5 हंगाम खेळलेल्या 3,439 खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. सर्वसामान्य पुरुषांच्या प्रमाणानुसार त्यांच्यात 625 मृत्यू अपेक्षित होते; प्रत्यक्षात झाले 334.

मग समज टिकतो कशामुळे? एमलेन टनेल या नावाजलेल्या खेळाडूसारख्यांच्या मृत्यूंमुळे. कॉलेजात खेळताना या माणसाची मान मोडली होती. तरीही 1948 मध्ये केळ्यांच्या ट्रकमधून न्यूयॉर्क गाठून त्यांनी तिथल्या जायंट्स या व्यावसायिक संघाकडे संधी मागितली. कारकिर्दीत प्रतिस्पर्ध्यांचे 79 पास हवेतच पकडले आणि 1965 पासून त्याच संघाचे साहाय्यक प्रशिक्षक झाले. 1975 मध्ये जायंट्सच्या सराव शिबिरातच, वयाच्या 51 व्या वर्षी हृदयविकाराने गेले. असा मृत्यू मनात घर करतो. ऐंशीव्या वर्षी घरी शांतपणे गेलेल्या खेळाडूची बातमी कोण लक्षात ठेवतं?

पण हे खेळाडू सुखरूप असतात, असंही कुणी समजू नये. त्याच नोंदींत मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी झालेले मृत्यू सर्वसामान्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. अल्झायमर (स्मृतिभ्रंश) आणि एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा चेतापेशींचा आजार) यांचे तर जवळपास चौपट. माझ्या मते काळजी करायची ती याची. खोटा आकडा पसरवत राहिलो, तर डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांचा खरा प्रश्न त्याखाली दबून जातो.