टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स की पीएचडी? आम्हाला ड्राफ्ट पाठवायच्या आधी हे वाचा

नमस्कार. आम्ही तिघंजण मिळून हायर स्टडीजच्या अर्जाचे कागद तपासून देतो, म्हणजे एसओपी (आपण काय केलंय आणि पुढे काय करायचंय ते सांगणारा अर्जातला निबंध), सीव्ही, प्रोफेसरला पाठवायचा मेल, झालंच तर रेको म्हणजे शिफारसपत्र देणाऱ्या सरांना-मॅडमना द्यायची तुमच्या कामाची नोट, एवढंच. अॅडमिशन करून देत नाही, कुठल्याच युनिव्हर्सिटीशी आमचं टाय-अप नाही, आणि एसओपी तुमच्या वतीने लिहून तर अजिबात देत नाही (विचारतात लोक, रोज विचारतात). हे पत्रक अशासाठी काढलंय की पहिल्या कॉलचा अर्धा वेळ नेहमी त्याच त्या गोष्टी सांगण्यात जातो आणि त्याचे पैसे लावायला आम्हालाच कसंतरी वाटतं.

तर पहिला कॉल सुरू होतो तो "माझ्या प्रोफाइलला कुठली युनिव्हर्सिटी मिळेल" इथून. आम्ही उलट विचारतो, तिथे गेल्यावर दुपारी तीन वाजता तुम्ही काय करत बसलेले असाल? लोक हसतात, पण प्रश्न खरा आहे. कारण हे शेवटी रोजचं काम आहे, एका गाइडच्या हाताखाली, एका ग्रुपमध्ये, बऱ्याचदा एकाच मशीनच्या भोवती. कोणी रात्री अकराचा मायक्रोस्कोपचा स्लॉट मिळाला म्हणून खूश असतो, कोणी तीन आठवडे एकच सिम्युलेशन मधेच का बंद पडतंय ते शोधत असतो. हे सगळं डोळ्यासमोर आणूनही जावंसं वाटत असेल तर पुढे वाचा. नसेल, आणि खरं कारण "नोकरीचा कंटाळा आलाय" किंवा "बॅचमधले सगळे करतायत" हे असेल, तर ते मोकळेपणाने सांगा, आम्ही कोणाला नावं ठेवत नाही, फक्त त्या कारणावर एसओपी उभी राहत नाही.

मास्टर्स वेगळं, पीएचडी वेगळी

यातला गोंधळ सगळ्यात जास्त. मास्टर्स म्हणजे मुख्यतः शिकणं, कोर्सेस, परीक्षा, प्रोजेक्ट, शेवटी कदाचित थीसिस. युरोपात हे क्रेडिटमध्ये मोजतात, वर्षाला ६०, दोन वर्षांचा कोर्स असेल तर १२०, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम. आता गुणाकार करा, वर्षाला १५०० ते १८०० तास, म्हणजे एक पूर्ण नोकरीच झाली. "पार्टटाइम जॉब करून सगळा खर्च काढेन" असं ज्यांनी घरी सांगून ठेवलंय त्यांनी हा गुणाकार एकदा घरी पण दाखवावा.

पीएचडीत कोर्सेस असले तरी ते बाजूला. तिथे तुम्ही असं काहीतरी शोधताय जे अजून कोणालाच माहीत नाही, त्यामुळे कधी संपेल हे पण कोणालाच माहीत नसतं. आणि देशाप्रमाणे पद्धत एवढी बदलते की एकीकडचा सल्ला दुसरीकडे लावला तर घोळ होतो. अमेरिकेत बॅचलर्सनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, कमिटी अर्ज बघते, इंजिनिअरिंग-सायन्सच्या पीएचडीत बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरए (संशोधनात मदत) म्हणून काम करून स्टायपेंड मिळतो. पहिल्या एकदोन वर्षांत क्वालिफाइंग परीक्षा असते, ती निघाली नाही किंवा मधेच मन उडालं तर बरेच जण मास्टर्सची डिग्री घेऊन बाहेर पडतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. युरोपात साधारणपणे आधी मास्टर्स लागतं, आणि पीएचडी ही चक्क नोकरी असते, जाहिरात निघते, इंटरव्ह्यू होतो, काँट्रॅक्ट आणि पगार. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ईटीएच या टेक्निकल युनिव्हर्सिटीत आधी प्रोफेसर तुम्हाला घ्यायला तयार झाला पाहिजे, मग बाकीचे सोपस्कार. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पहिलं वर्ष संपताना गो किंवा नो-गो अशी रीतसर मीटिंग होते, पुढे ठेवायचं की नाही ते तिथे ठरतं. ऐकायला कडक वाटतं पण आमच्या मते चार वर्षं ताटकळत ठेवण्यापेक्षा हे बरं.

एक चूक आम्ही दरवर्षी बघतो. लोक लिस्टमध्ये "एमआयटी, एमएस, कॉम्प्युटर सायन्स" असं लिहून येतात आणि तिथल्या इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटर डिपार्टमेंटला बाहेरून नुसत्या मास्टर्ससाठी अर्ज करायची सोयच नाहीये, बाहेरच्यांना पीएचडीलाच अर्ज करावा लागतो आणि मास्टर्स वाटेत होतं. जीआरई या प्रवेश परीक्षेचा स्कोअर पण ते डिपार्टमेंट बघत नाही. म्हणून युनिव्हर्सिटीचं मेन पेज वाचून थांबू नका, डिपार्टमेंटचं पेज शेवटपर्यंत वाचा, तिथेच खालच्या प्रश्नोत्तरांत खरी माहिती असते.

आणि मास्टर्स हवंय ते फक्त नोकरीत पुढे जायला, असं असेल तर घरदार सोडायलाच पाहिजे असंही नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक युनिव्हर्सिटीचं ऑनलाइन कॉम्प्युटर सायन्स मास्टर्स २०१४ च्या जानेवारीत सुरू झालं, डिग्री कॅम्पसवाल्यांना मिळते तीच, आणि नोकरी सांभाळून करणारे त्यात भरपूर. लॅबचा, गाइडचा अनुभव मात्र त्यात तसा मिळत नाही, तो हवा असेल तर हा रस्ता नाही.

टेक्निकल म्हणजे नक्की काय फरक पडतो

थोडा इतिहास सांगतो, आम्हाला आवडतो म्हणून. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत टेक्निकल शिक्षणसंस्थांना डॉक्टरेट द्यायचा हक्कच नव्हता, तो मान जुन्या युनिव्हर्सिटींकडे. १८९९ मध्ये प्रशियात (तेव्हाचं जर्मनीतलं सगळ्यात मोठं राज्य) तो हक्क मिळाला आणि "डॉक्टर-इंजिनिअर" ही वेगळी पदवी आली, ती आजही दिली जाते. टेक्निकल युनिव्हर्सिटी म्हटलं की इंडस्ट्री जवळ असतेच. याचा फायदा तुम्हाला कोणीही सांगेल, प्रोजेक्ट खरे असतात, मशीन्स भारी असतात, नोकरीच्या ओळखी होतात. न सांगितली जाणारी गोष्ट अशी की प्रोजेक्टला कंपनीचा पैसा असेल तर पेपर छापायच्या आधी कंपनीला दाखवावा लागू शकतो, कधी थीसिससुद्धा काही काळ बंद ठेवतात. ज्याला पुढे प्रोफेसर व्हायचंय त्याला हे महागात पडतं, इंडस्ट्रीत जाणाऱ्याला फारसं नाही. ऑफर घ्यायच्या आधी विचारायचं, काही वाईट दिसत नाही.

गाइड बघा, मग रँकिंग

आमच्यातल्या एकीने पीएचडी अर्धी सोडलीय, त्यामुळे हा भाग तिने सांगितला तसाच लिहितोय. युनिव्हर्सिटी मोठ्या नावाची होती, गाइड पण चांगले, माणूस म्हणूनही चांगले. तिसऱ्या वर्षी त्यांना दुसरीकडे जास्त मोठी लॅब मिळाली आणि ते गेले. ऑप्टिकल टेबल, लेझर, कपाटं, सगळं क्रेटमध्ये पॅक होऊन ट्रकमध्ये चढलं, ती दारात उभी राहून लिस्टवर टिक करत होती. तिच्यापुढे दोन रस्ते, त्यांच्याबरोबर जायचं नाहीतर इथेच दुसरा गाइड शोधायचा, आणि त्या डिपार्टमेंटमध्ये तिच्या विषयाचं दुसरं कोणीच नव्हतं. मास्टर्स घेऊन ती बाहेर पडली. तिला राग नाहीये, पण कोणी लिस्ट दाखवली की पहिला प्रश्न तिचाच असतो, "इथे तुझ्या कामाचा दुसरा माणूस कोण?" ज्या ठिकाणी आपण दोघातिघांकडे काम करू शकतो तिथेच पीएचडीला अर्ज करावा असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

लॅबचं पेज कसं वाचायचं ते पण सांगतो, कारण लोक फोटो बघून बंद करतात. मेंबर्सच्या लिस्टमध्ये कोण कधी आलं ते बघा. मग जुन्या विद्यार्थ्यांची लिस्ट काढा, किती वर्षांत सुटले आणि आता कुठे आहेत. जी नावं आधी मेंबर्समध्ये होती आणि जुन्यांच्या लिस्टमध्ये कुठेच नाहीत ती गेली कुठे, हा प्रश्न मनात ठेवा (सोडून जाणारे सगळीकडे असतात, एक-दोन असणं नॉर्मल, पाचातले तीन असतील तर विचार करा). मग गेल्या दोनतीन वर्षांचे पेपर, पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे की कायम सीनिअर लोकांचं. एका लॅबला एक संध्याकाळ जाते यात, पण दहा रँकिंग वाचण्यापेक्षा जास्त कळतं.

तिथल्या विद्यार्थ्याशी बोलायला मिळालं तर "लॅब कशी आहे" असं विचारू नका, उत्तर "चांगली आहे" असंच येणार. त्यापेक्षा विचारा, गाइडशी शेवटचं नीट बोलणं कधी झालं होतं? मशीनचा स्लॉट किती दिवसांनी मिळतो? ते बिघडलं तर दुरुस्त कोण करतं? सुट्टी घ्यायची तर विचारावं लागतं की सांगितलं तरी चालतं? आणि पेपरचा पहिला ड्राफ्ट गाइडकडून किती दिवसांनी परत येतो, हा एक प्रश्न तर सोडूच नका.

आता एसओपी

ज्या एसओपी येतात त्यातल्या निदान निम्म्या "लहानपणापासून मला मशीन्सचं आकर्षण होतं" इथून सुरू होतात आणि पुढच्याच ओळीत घरातला रेडिओ उघडलेला असतो. इतके रेडिओ उघडले गेलेत की आता वाचणाऱ्याला ते ऐकूच येत नाही. हल्ली त्यात एआयकडून लिहून घेतलेल्या पण येतात, गुळगुळीत, एकही चूक नाही, आणि दोन पानं वाचून झाल्यावर या माणसाने नक्की काय केलंय ते आठवत नाही.

एकाची एसओपी अशीच होती. चौथ्या पॅराग्राफमध्ये मात्र एक वाक्य, "पंपाच्या टेस्ट रिगवर व्हायब्रेशनचा एक पीक येत होता, आम्ही बेअरिंग दोनदा बदललं." आम्ही विचारलं, मग पुढे? तर म्हणाला अहो काही नाही, सेन्सर डबल टेपने चिकटवला होता, स्क्रूने नीट बसवल्यावर पीक गायब, दोन बेअरिंग फुकट गेली म्हणून सर ओरडले. हे त्याने लिहिलंच नव्हतं, चूक आपली दिसते म्हणून! आम्ही तेच सगळ्यात वर घ्यायला लावलं, कारण प्रोफेसरला नेमका असाच माणूस हवा असतो ज्याला मशीनच्या आधी स्वतःच्या मापावर संशय घेता येतो. रेडिओ काढला. एसओपी एका पानाने कमी झाली.

प्रोफेसरला मेल लिहिताना पण हेच. "डिअर सर, आपलं काम खूप प्रेरणादायी वाटलं" हा मेल एकाच वेळी चाळीस जणांना गेलाय हे त्यांना लगेच कळतं. त्यांचा एक पेपर खरंच वाचा, त्यातली पटलेली किंवा न समजलेली एक गोष्ट दोन ओळींत लिहा, आपण काय केलंय ते तीन ओळींत, यंदा विद्यार्थी घेणार आहात का हा एक सरळ प्रश्न, सीव्ही जोडा, संपलं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. मनाला लावून घेऊ नका, त्यांचा इनबॉक्स तसाच असतो.

रेको देणाऱ्यांना निदान महिनाभर आधी सांगा आणि सोबत कागदावर लिहून द्या की त्यांच्याकडे आपण काय केलं होतं, त्यांना आठवत नसतं. ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलंय ते लहान पदावरचे सर, ओळखही नसलेल्या डायरेक्टरपेक्षा केव्हाही चांगले.

तारखा

अमेरिकेतल्या पीएचडीच्या डेडलाइन बहुतेक डिसेंबरच्या आसपास असतात, म्हणजे लॅबची पेजेस वाचायचं काम त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. युरोपातल्या पीएचडीच्या जागा वर्षभर कधीही निघतात, मास्टर्सच्या डेडलाइन मात्र ठरलेल्या. जीआरईचा स्कोअर ५ वर्षं चालतो, टोफेल आणि आयईएलटीएसचा २ वर्षं, त्यामुळे इंग्लिशची परीक्षा फार आधी उरकून ठेवू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटींनी मिळून असं ठरवलेलं आहे की फंडिंगसकट दिलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करायची नाही. कोणी "परवापर्यंत सांगा नाहीतर जागा गेली" म्हणालं तर आधी हे मान्य केलेल्या युनिव्हर्सिटींच्या यादीत तिचं नाव आहे का ते बघा आणि नम्रपणे विचारा.

आम्हाला काय पाठवायचं

पहिला ड्राफ्ट वाईट असला तरी चालेल, तीन पानी झाला असेल तरी चालेल, पण तुमचा स्वतःचा पाहिजे. सोबत युनिव्हर्सिटींची लिस्ट आणि प्रत्येक नावापुढे ज्यांच्याकडे काम करायचंय त्यांची नावं, मास्टर्स असेल तर आवडलेल्या कोर्सेसची नावं. मार्कशीट नको. एका एसओपीला आमचे तीन राउंड असतात, पहिल्यात नुसते प्रश्न विचारतो, भाषेला हात लावत नाही, दुसऱ्यात क्रम आणि कापाकापी, तिसऱ्यात भाषा. म्हणून डेडलाइनच्या निदान तीन आठवडे आधी पाठवा. आदल्या रात्री आलेला ड्राफ्ट आम्ही घेत नाही, भांडलात तरी नाही, कारण त्या वेळी फक्त स्पेलिंग सुधारता येतं आणि ते तुमचा कॉम्प्युटर फुकटात करतो.