नाव खोडलं म्हणजे जनुकीय माहिती निनावी होत नाही

‘नाव-पत्ता काढून टाकला की ही जनुकं कोणाची हे कुणालाच कळणार नाही.’ संशोधनासाठी रक्त देणाऱ्यांना वर्षानुवर्षं असा दिलासा मिळत आला. तो खरा नाही.

जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटच्या यानिव्ह अर्लिक यांच्या गटाने हे दाखवून दिलं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. तिकडे बहुधा आडनावही तसंच जातं. या गुणसूत्रावर काही छोटे तुकडे लागोपाठ अनेकदा येतात. ते किती वेळा येतात, ते आकडे वंशावळीची हौस असलेल्या अनेकांनी आडनावासकट इंटरनेटवर टाकले होते. संशोधकांनी खुल्या जनुकीय नोंदींतले आकडे त्यांच्याशी ताडून आडनाव काढलं. वय आणि राज्य आधीच जाहीर होतं. मग सार्वजनिक नोंदी चाळून युटामधल्या कुटुंबांतले जवळपास ५० जण ओळखता आले. यात कुठेही हॅकिंग नव्हतं! (नावं त्यांनी छापली नाहीत, हे योग्यच केलं.) त्यानंतर सहभागींची वयं खुल्या यादीतून हटवली गेली.

म्हणजे तुम्ही स्वतः कुठे काही टाकलं नसलं, तरी एखाद्या दूरच्या चुलतभावाची नोंद पुरते.

म्हणून माहिती देऊच नये, असं मी म्हणणार नाही. दुर्मिळ आजारांचं निदान अशाच नोंदींवर चालतं. पण सही करण्याआधी विचारा: माहिती सर्वांना खुली राहणार, की परवानगी घेणाऱ्यांनाच मिळणार? एकदा डाउनलोड झालेली प्रत परत मागवता येत नाही.