फळ काणींचं, पान कंपनीचं, जंगल सरकारचं

हळदीची लढाई आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने लेखी दाखले पुढे केले आणि १९९७मध्ये ते रद्द झालं. मात्र हळद घरोघरची, त्यामुळे तिथे ज्ञानाच्या कमाईतला वाटा कुणाला देण्याचा प्रश्नच नव्हता. ज्ञान एकाच जमातीचं असेल आणि तेही तोंडी, तर गुंता वाढतो. त्याचा धडा केरळात मिळतो.

१९८७मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन यांचं संशोधक पथक अगस्त्यमलाईच्या डोंगरात हिंडत होतं. चढणीवर शास्त्रज्ञांना धाप लागायची. वाटाडे काणी आदिवासी मात्र एका झुडपाची फळं चघळत ताजेतवाने चालायचे. ती वनस्पती म्हणजे आरोग्यपचा. आधी सांगायला ते राजी नव्हते, शेवटी सांगितलं. पुढे तिरुवनंतपुरमजवळच्या पालोडच्या वनस्पती उद्यान संस्थेने आरोग्यपचाच्या जोडीला अश्वगंधा, पिंपळी आणि शंखपुष्पी घेऊन ‘जीवनी’ हे औषध बनवलं. १९९५मध्ये त्याचा परवाना कोइंबतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी दिला. परवाना शुल्क दहा लाख रुपये, विक्रीवर २ टक्के रॉयल्टी; दोन्हींतला निम्मा वाटा काणींचा. असा वाटा देणं कोणत्याही कायद्याने तेव्हा बंधनकारक नव्हतं. जैवविविधता कायदा आला तो २००२मध्ये.

कागदावर सगळं चोख. पण पैसे घ्यायचे कुणी? विखुरलेल्या पाड्यांच्या नावे बँकेत एक खातं निघत नाही. म्हणून १९९७मध्ये काणींचा ट्रस्ट नोंदवला गेला आणि रक्कम १९९९मध्ये पोचली, म्हणजे करारानंतर चार वर्षांनी. त्यातही मुद्दल हात न लावता ठेवायचं आणि व्याजातून कामं करायची, असं ठरलेलं. त्याहून खोल भेग संमतीची. गुपित सांगणारे दोन-तीन वाटाडे होते; औषधाचं ज्ञान परंपरेने ज्यांच्याकडे असतं, ते प्लाथी वैद्य नव्हेत. काही प्लाथींनी केरळ सरकारला पत्र लिहून या व्यवहाराला हरकत घेतली. जमातीच्या वतीने ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कुणाचा, हे आधी विचारायला हवं होतं. पहिल्या भेटीत वाटाड्याला जे विचारलं जातं, त्याला संमती म्हणत नाहीत.

खरी अडचण मात्र पानाने आणली. काणी फळ खातात, तर औषधाला पानं लागत होती. हे झुडूप जंगलाबाहेर लावलं तर गुण उतरतो, म्हणून लागवड जंगलातच हवी. तिथे वन खात्याची परवानगी लागते. दुर्मीळ वनस्पती, पानांच्या नावाखाली चोरून उपटली जाईल, ही खात्याची भीती निराधार नव्हती. रोपं उपटून नेणारे निघालेही. परिणामी कच्चा माल अडखळला. मालच नाही तर विक्री नाही, आणि विक्रीच नाही तर २ टक्के कशाचे? टक्केवारीवर वाद घालणाऱ्यांनी पानांची वाट आधी कुठून जाते ते पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही त्या आकड्याची तुलना करून पाहाच. जैवविविधता कायद्याखालच्या २०१४च्या नियमांत विक्रीवरच्या वाट्याचा कमाल दर कारखान्यातून माल निघतानाच्या किमतीच्या ०.५ टक्के होता. काणींना मिळालेला रॉयल्टीचा निम्मा भाग म्हणजे १ टक्का. कायद्याविना झालेला करार कायद्याच्या दुप्पट उदार ठरला!

याच कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञानाला या वाट्यातून सूट दिली. आता ‘जीवनी’ची बाटली या चाळणीतून घालून बघा: पिंपळी, अश्वगंधा, शंखपुष्पी आयुर्वेदाच्या ग्रंथांत असल्याने सुटतात, आरोग्यपचाचा हा उपयोग काणींच्या तोंडी, म्हणून तिच्यावर वाटा लागतो. एकाच बाटलीत चार वनस्पती आणि दोन कायदेशीर दर्जे. विक्रीतला किती हिस्सा त्या एका पानाचा धरायचा, हे मग हिशेबनिसाला ठरवावं लागतं, आणि तिथे काणी बसलेला नसतो.