६६-१८ आणि ०-७४: एकाच संघाचे दोन शनिवार

२० मे २०२३, शनिवार. सिडनीच्या लायकहार्ट ओव्हल मैदानावर वेस्ट्स टायगर्स या रग्बी लीग संघानं नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजचा ६६-१८ असा फडशा पाडला. बरोबर सहा आठवड्यांनी, १ जुलैला, हेच दोन संघ काउबॉइजच्या घरी, टाउन्सव्हिलमध्ये पुन्हा समोरासमोर आले. या वेळी टायगर्स हरले ०-७४ असे.

मैदान बदललं होतं, दोन्ही संघांत थोडेफार खेळाडू इकडचे तिकडे झाले होते. पण तेवढ्यानं १२२ गुणांची उलथापालथ होत नाही. शिवाय टायगर्स काही बलाढ्य संघ नव्हता. त्या हंगामातले पहिले सातही सामने त्यांनी गमावले होते आणि शेवटी गुणतक्त्यात ते तळालाच राहिले. अशा संघाबद्दल बोलताना समालोचक दोन वाक्यं हमखास म्हणतात: ‘यांचा बचाव ढिसाळ आहे’ आणि ‘यांच्या आक्रमणात धार नाही’. मला ही दोन वेगळी दुखणी वाटतच नाहीत.

आधी खेळ समजून घेऊ. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर दिसतं ते रग्बी युनियन. रग्बी लीग तिच्यापासून १८९५ मध्ये, इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलातल्या बैठकीत वेगळी झाली. यात एका बाजूला १३ खेळाडू आणि सामना ८० मिनिटांचा. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी सहाव्यांदा पाडलं की चेंडू त्यांचा. म्हणून पाच टॅकल झाले की बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून देतात. प्रत्येक टॅकलनंतर पडलेला खेळाडू उठतो, चेंडू टाचेनं मागे सारतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. तोपर्यंत बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे जाऊन रांग धरावी लागते. चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय, त्याचे चार गुण, आणि त्यानंतरची किक साधली तर आणखी दोन. ७४ गुण म्हणजे डझनभर तरी ट्राय.

आता एकच टॅकल जवळून पाहू. शंभर किलोंचा माणूस सेकंदाला सहा मीटर वेगानं अंगावर येतोय. त्याची गतिज ऊर्जा १८०० जूल. त्याला अर्ध्या सेकंदात थांबवायचं तर सरासरी १२०० न्यूटन बल लावावं लागतं, आणि तेही पळता पळता, खांदा नेमक्या जागी लावून. हे सहसा एकट्याचं काम नसतं. एक जण कमरेखाली धरतो, दुसरा चेंडूवर झडप घालतो, तिसरा येऊन त्याला पाठीवर पाडतो. पाठीवर का? पालथा पडलेला माणूस झटकन उठतो, पाठीवर पडलेल्याला आधी वळावं लागतं. त्या जादा एका सेकंदात बचावफळीतल्या सगळ्यांचा जीव अडकलेला असतो.

कारण चेंडू तीन सेकंदांत पुन्हा खेळात आला तर दहा मीटर मागे जायला सेकंदाला ३.३ मीटर वेग हवा. चार सेकंद मिळाले तर अडीच मीटर पुरतो. पहिल्यात ताशी बारा किलोमीटरनं धावावं लागतं, दुसऱ्यात नऊनं भागतं. वर रेषेवर पोहोचून वळायचं, शेजारी कोण आहे ते बघायचं आणि लगेच पुढे झेपावायचं. हे एका डावात, म्हणजे सहा टॅकलच्या एका फेरीत, पाच-सहा वेळा.

उशीर झाला की भूमिती अंगावर येते. मैदान ६८ मीटर रुंद. तेरांतून मागे थांबलेला फुलबॅक, चेंडूसमोर उभे राहणारे दोन मार्कर आणि किकच्या भीतीनं मागे सरकलेले दोन विंगर वजा करा. पुढच्या रांगेत उरले आठ, म्हणजे माणशी साडेआठ मीटर. एक जण अजून जमिनीवरून उठतोय म्हटलं की माणशी जवळजवळ दहा मीटर. दहा मीटरचा जलद पास पाऊण सेकंदाच्या आत पोहोचतो. तेवढ्या वेळात आडवा सरकणारा बचावपटू तीन-साडेतीन मीटर कापतो. बाकीच्या जागेतून ट्राय होतात.

आता दमण्याबद्दल. जोरदार धडक किंवा स्प्रिंटसाठी स्नायू क्रिएटिन फॉस्फेटचा साठा वापरतात. जीव तोडून धावलं तर तो दहाएक सेकंदांत बराचसा रिकामा होतो आणि पूर्ण भरायला काही मिनिटं लागतात. ही भरपाई प्राणवायूच्या जोरावर होते, म्हणून फुप्फुस-हृदयाची क्षमता धिप्पाड फॉरवर्डलाही लागते. रग्बी लीगमध्ये ती मिनिटं मिळतच नाहीत: धडक, झटापट, मागे धाव, परत धडक. ऑस्ट्रेलियन क्रीडाशास्त्रज्ञ टिम गॅबेट यांनी खेळाडूंना दमवून त्यांचं टॅकल तपासलं. थकव्यानं तंत्र बिघडतं, आणि ज्यांची एरोबिक क्षमता, म्हणजे प्राणवायू वापरण्याची ताकद, कमी त्यांचं अधिक बिघडतं, असं त्यात दिसलं. खांदा लावण्याऐवजी माणूस हात लांब करतो, पाय जागच्या जागी राहतात. टीव्हीवर आपल्याला तो आळस वाटतो.

हाच दमलेला माणूस पुढच्या मिनिटाला आक्रमण करतो, आणि इथे साधं गणित फार क्रूर आहे. एका टॅकलपर्यंत चेंडू न सांडण्याची शक्यता ९६ टक्के असेल, तर सहाही टॅकल सुखरूप पार पडण्याची शक्यता ७८ टक्के. तीच ९३ वर आली तर ६५. हातांची पकड तीन टक्क्यांनी सैल झाली आणि डावांमागे तेरा टक्के गेले! गेलेला प्रत्येक डाव म्हणजे चेंडू भलत्या जागी प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे पुन्हा सहा टॅकल बचाव, म्हणजे आणखी दमणं. आक्रमण बचावाला पोखरतं, बचाव आक्रमणाला.

नियमांतही एक खोच आहे. फुटबॉलमध्ये गोल खाणारा संघ चेंडू घेऊन सुरुवात करतो. रग्बी लीगमध्ये उलट: ट्राय खाल्लेल्या संघानंच किक मारून चेंडू ट्राय करणाऱ्यांच्या हवाली करायचा. जिंकणाऱ्याला अजून मिळतं. शास्त्रज्ञ याला धन प्रतिपोषण म्हणतात. आपल्या कबड्डीत ते पक्कं मुरलेलं आहे: गुण मिळाला की आपला बाद गडी जिवंत होतो, समोरचा बाहेर बसतो, आणि अंगणात तिघंच उरले की लोण टळणं कठीण. फरक असा की लोण बसला की सगळे गडी परत येतात, कोरी पाटी. रग्बी लीगमध्ये अशी पाटी कोरी होत नाही. २०२३ मध्ये बदली खेळाडू चारच होते आणि अदलाबदल आठ वेळाच.

या चक्राला जास्त वेग दिला तर काय होतं, याचा एक प्रयोग एनआरएलनं, म्हणजे हे संघ जिथे खेळतात त्या ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल रग्बी लीग स्पर्धेनं, नकळत करून ठेवला आहे. कोविडमुळे थांबलेली स्पर्धा २८ मे २०२० ला पुन्हा सुरू झाली ती नव्या नियमासह: टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी चेंडू रखडवला तर खेळ थांबवून पेनल्टी द्यायची नाही, टॅकलची मोजणी शून्यावर आणायची, म्हणजे आक्रमकांना नव्यानं सहा टॅकल. २०२१ मध्ये दहा मीटरची रेषा मोडणाऱ्यांनाही तो लागू झाला. पेनल्टीच्या निमित्तानं मिळणारी उसंत गेली. त्या हंगामात एकतर्फी निकालांचा इतका बोभाटा झाला की २०२२ मध्ये नियमाला मुरड घालावी लागली. माझ्या मते पेनल्टीची शिट्टी कंटाळवाणी असली तरी ती ब्रेकचं काम करत होती.

चक्र उलटही फिरतं. २०२३ च्या अंतिम सामन्यात पेनरिथ पँथर्स ब्रिस्बेनविरुद्ध ८-२४ असे मागे होते आणि वीसेक मिनिटं उरली होती. पेनरिथच्या नेथन क्लिअरीनं चेंडू आणि मैदान दोन्ही ताब्यात घेतलं, स्वतः निर्णायक ट्राय केला आणि पेनरिथ २६-२४ जिंकले. पण २०२१ ते २०२४ सलग चार विजेतेपदं मिळवणाऱ्या या संघाची खरी ओळख बचाव. २०२१ ची अंतिम लढत त्यांनी १४-१२ अशी जिंकली, २०२४ ची १४-६. आणि गंमत म्हणजे २०२३ मध्ये टायगर्सनी हंगामातला पहिला विजय मिळवला तो याच पेनरिथवर, बाथर्स्टच्या पावसात, १२-८ असा. ओल्या मैदानावर सगळेच संथ होतात, लांब पास धोक्याचे ठरतात, बचावफळीला रांग धरायला वेळ मिळतो. तळाच्या संघाला असला दिवस धार्जिणा.

टायगर्सनी एकमेव विजेतेपद मिळवलं ते २००५ मध्ये, तेही काउबॉइजनाच ३०-१६ हरवून. त्या सामन्यात टायगर्सचा बेंजी मार्शल आपल्याच गोलरेषेजवळून सुटला, बचावपटूंना गुंगारा देत मैदान कापत गेला आणि पाठीमागून मनगटी पास देऊन पॅट रिचर्ड्सला ट्रायची वाट मोकळी करून दिली. असा क्षण ताज्या पायांनाच सुचतो. २०२४ पासून मार्शल संघाचे मुख्य प्रशिक्षक आहेत. पहिल्या वर्षीही संघ तळालाच राहिला. २०२५ साठी त्यांनी पेनरिथच्या चारही विजेत्या संघांतला जरोम लुआई आणला, आणि त्या हंगामात शेवटची जागा न्यूकॅसल नाइट्सच्या वाट्याला गेली.